शेऱ्याचा रकाना

माधवगंजच्या गच्च्यांवरून धुकं उतरून
जिन्यात येऊन बसलंय,
आणि पहाटे तीन वाजता तुम्ही
स्वेटर, बंडी काढून पलंगावर उघडे,
पंखा लाव म्हणता.

लावते. दुलई माझ्याकडे ओढून घेते.
"तुलाही असंच व्हायचं का गं?"
विचारता, अठरा वर्षं उशिरा.
असंच. मानेपासून निघायचं, कानांच्या पाळ्या तापायच्या.
सासूबाईंच्या श्राद्धाला मी कढईपुढून उठून
मोरीत तोंडावर पाणी मारत होते,
तुम्ही बाहेरून म्हणालात, पानं खोळंबलीत.

आता तुमच्या पोटात, बेंबीच्या खाली,
तांदळाच्या लांब दाण्याएवढं काहीतरी
हळूहळू विरतंय,
आणि अंगातल्या पुरुषाला सांगतंय, पुरे, गप्प बस.
तो गप्प, तर गाठ उपाशी.
डॉक्टर भदौरियांनी चित्र काढून दाखवलं.
तुम्ही त्यावर त्यांची सही मागितलीत.
चाळीस वर्षं ऑडिटमध्ये काढलेला माणूस!

मग वही आली. लाल कापडी पुठ्ठा.
तारीख. बाजू: उजवी. पुढच्या खेपेला: डावी.
पाकिटावरचं नंबराचं लेबल डिंकाने चिकटवलेलं.
बारा आठवडे म्हणजे चौऱ्याऐंशी दिवस,
कुणी "तीन महिने" म्हटलं की तुम्ही चिडता.

मे महिन्यात चौऱ्याऐंशीवा दिवस
नेमका रमाकांतच्या मुलीच्या लग्नात आला.
आठवडाभर पुढे ढकलू, तुम्हीच म्हणालात.
रजनी सिस्टर फोनवर हसली नाही.
"काकाजी, दवा मुहूरत नहीं देखती."
अक्षता आपल्याविना पडल्या.

पहिल्या वेळी तर आधी गोळ्या होत्या,
कारण म्हणे गप्प बसण्याआधी तो
एकदा मोठ्याने ओरडून घेतो.
पाय बधिर झाले, लघवी अडली,
तर सकाळची वाट पाहायची नाही.
ते दोन आठवडे मी चपला पलंगाशी ठेवून झोपले,
रिक्षावाल्या मुन्नाचा नंबर उशीखाली.

आणि रक्त पातळ करायची ती हृदयाची गोळी?
तुम्ही सांगितलीच नव्हती.
मी सांगितली. तुम्ही असे पाहिलेत
जसं मी परक्यापुढे आपलं पासबुक उघडलं.
सिस्टरने सुई काढल्यावर बराच वेळ दाबून धरलं,
तासभर बाकावर बसवलं,
चक्कर येते का, पोट फुगतं का, विचारत राहिली.
जांभळाएवढा डाग पडला, आठवड्याने पिवळा झाला.
तोही वहीत. आकारासकट.

काय वहीत नाही, ते मला ठाऊक आहे.
छाती जरा भरली म्हणून शर्टाचं वरचं बटण,
भाजीवाल्याच्या पोराचा निकाल ऐकून आलेलं रडू,
आणि रात्री माझ्याकडे पाठ करून
"रागावू नकोस" म्हणणं.
रागावू कशाला? सहा वर्षं मीही
पाठ करूनच झोपत होते,
तुम्हाला वाटायचं, उन्हाळा आहे.

हाडं ठिसूळ होतात म्हणून सकाळी फुलबागेला
चार फेऱ्या. कुरकुरत. साखर तपासायची म्हणून
मेळ्यात गजक हातात घेऊन वास घेतलात
आणि मला दिलीत.
तिथेच, गर्दीत, कडाक्याच्या थंडीत, स्वेटर काढलात.
खांडेकर बघतच राहिले.
"वय झालं," तुम्ही म्हणालात, "बायकांसारखं."
आणि माझ्याकडे पाहून थांबलात.

आज सकाळी वही उघडी राहिली होती.
शेऱ्याचा रकाना तुम्ही कधी भरत नाही.
तिथे बारीक, ताठ अक्षरात:

रात्री ३. पंखा.
सौ. ला हाच त्रास सन २००५ ते ११.
नोंद राहून गेली होती.

खाली सही, तारीख.
त्याखाली पुढची खेप: ११ मार्च, डावीकडे.