राप

दिवसभर अंबडला मी डाग शोधते.
ट्यूबलाइटखाली, पांढऱ्या हातमोज्यांत,
स्टीलचा एकेक व्हॉल्व्ह फिरवून.
बोटाच्या पेराएवढा पिवळेपणा दिसला तरी
लाल क्रेटमध्ये.
अकरा वर्षांत माझ्या हातून डाग सुटलेला नाही,
शिरसाठसाहेबांनी हे भर मीटिंगमध्ये सांगितलं
आणि एक घडीचा चाकू दिला, डबीत घालून,
स्टेनलेस.

रात्री पाथर्डी फाट्याच्या खोलीत
मी त्याच चाकूवर डाग पाडायला बसते.

चिंचेच्या कोळात ठेवला, रात्रभर.
राई वाटून बोटानं ठिपके दिले.
उकळत्या व्हिनेगरमध्ये धरला, डोळ्यांतून पाणी काढलं
माझ्याच.
बटाट्यात खुपसला; सकाळी बटाटा काळा.
कच्च्या द्राक्षांचा रस, ज्यानं दात आंबतात,
तोही झाला.
नळाखाली धरला की पुन्हा तसाच,
काही ऐकलंच नाही असा.

हसू आलं मला.
मीच तर रोज यांना नायट्रिकच्या टाकीत बुडवून शिकवते,
कुणाचं काही
लावून घ्यायचं नाही.

सखाहरीमामाचा चाकू सगळं लावून घ्यायचा.
दिंडोरीच्या लोहारानं ट्रकच्या पाट्यातून ठोकलेला.
मामा मखमलाबादला द्राक्षाची कलमं बांधायचा,
डॉगरीजच्या खुंटावर थॉमसनची काडी, दिवसाला दोनशे,
आणि प्रत्येक काडीचा चीक त्या पात्यावर.
शिवाय कांदा, पेरू, बांधावरची कैरी.
पारव्याच्या मानेवर असतो तसला रंग आला होता त्याला,
निळा म्हणावा तर जांभळा,
उन्हात धरला तर कुठलाच नाही.

मी बारा वर्षांची. दिवाळीची सुट्टी.
मामा तालुक्याला गेलेला.
विटेची पूड, राख, मग पॉलिश पेपर,
अख्खी दुपार घासला.
आरसा केला त्याचा.
मामानं उलटा केला, सुलटा केला,
म्हणाला, लई चकाकतोय गं.
आणि खिशात घातला.

त्या हिवाळ्यातल्या दवानं त्याला धरलं.
तांबडं. बारीक बारीक.
मामा घासायचा, ते परत यायचं,
घासून घासून पातं
दातकोरण्याएवढं उरलं.
तो मला काही बोलला नाही.
डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षी, केमिस्ट्रीच्या तासाला, कळलं:
तांबडा गंज खातो, काळा राखतो.
मी पेनाचं टोपण लावलं
आणि खिडकीबाहेर बघत बसले.

शेवटी एमजी रोडवरून फेरिक क्लोराइड आणलं,
सर्किट बोर्ड खोदायचं.
एकास चार पाणी, प्लास्टिकचा डबा, खिडकी उघडी.
रंग काकवीचा, वास नाण्यांचा.
पातं अॅसिटोननं पुसलं,
वाटलं, पुसलं.
दहा मिनिटं.
सोड्याच्या पाण्यात बुडवून काढलं तर राखाडी,
धुपलेल्या पाटीसारखं, पारव्याच्या जवळपासही नाही,
आणि मुठीपाशी, मधोमध,
माझ्या अंगठ्याचा ठसा,
लखलखीत.
जिथं हाताचं तेल राहिलं होतं
तेवढंच स्टील आपल्या हट्टावर.
अकरा वर्षांत पहिला डाग सुटला,
उलट्या बाजूनं.

रविवारी मामाकडे नेला.
त्याला आता लांबचं दिसतं, जवळचं नाही.
बोटानं चाचपला, धारेवर नख फिरवलं,
मग हात लांब करून उन्हात धरला.
हा अंगठा कुणाचा?
माझा.
हं.
पेरू कापला, बिया काढत बसला,
मोठी फोड मला दिली. मीठ नव्हतं घरात.

सोमवारी गडबडीत पर्समध्येच राहिला.
गेटवर वॉचमननं जमा करून घेतला,
पावती फाडून दिली, शिक्क्यासकट:
चाकू, नग एक,
जुना.