दोन फूट, सातवर

ओमारूच्या हिरवळीवर, मंगळवारी दहाला,
मी सुतळी ताणते.
पांढरी, या खुंटीपासून त्या खुंटीपर्यंत, अगदी मधोमध.
दक्षिणेकडून गार वारा येतो, सुतळी किंचित थरथरते,
आणि एवन मॅक्लिंटॉक तिला बूट टेकवून
दिशा घेतो. पायानेच.

चाळीस वर्षं लोकर कातरलेले हात.
जड चेंडूच्या दोन्ही अंगांवर वर्तुळं कोरलेली,
एक लहान, एक मोठं;
लहान जिकडे, तिकडे चेंडू कलतो.
तो अंगठ्याने लहान वर्तुळ चाचपतो,
मेंढीच्या कानातली खूण चाचपावी तसा.

मी पलीकडच्या टोकाला, पांढऱ्या गोटीमागे.
टाळी वाजवते: इथे.
चेंडू थांबला की हाक देते, "दोन फूट, सातवर."
गोटी म्हणजे तबकडीचा मध्य,
बारा माझ्या पायांशी, सहा त्याच्याकडे.

हेच घड्याळ मोरॅगने जेवणाच्या ताटात आणलं होतं,
वाटाणे तीनवर, मटण सहावर,
तेव्हा त्याने ताट सरकवलं.
दोन दिवस नुसता चहा.

मी एकदा खोटं बोलले.
पहिलाच महिना. चेंडू पाच फूट लांब,
भुरभुर चालू, त्याचा चेहरा उतरलेला,
म्हणून म्हटलं, "एक फूट, एवन. छान!"
तो काहीच बोलला नाही.
सुतळीच्या कडेकडेने पावलं घासत आला,
बुटाच्या टोकाने गोटी शोधली, मग चेंडू,
वाकला,
आणि मधलं ओलं गवत विती-वितीने मोजलं.
सात भरल्या.
"हुहाना," म्हणाला,
"शाळेत स्वयंपाक करायचीस, तेव्हा
मीठही असंच घालायचीस का?"

तेव्हापासून खिशात टेप असतो.

त्याच्या नजरेचा मध्यच गेलाय.
समोर पाहिलं की धुरकट भोक,
कडा तेवढ्या शिल्लक.
माणूस दिसत नाही,
माणसाशेजारचं कुंपण दिसतं.

आणि हा चेंडू तर सरळ जातच नाही कधी.
आधी भलतीकडेच निघतो,
दुसऱ्याच कुणाच्या घरी जेवायला चालल्यासारखा,
मग दम सरत आला की वळतो.
त्या वळणावर, म्हणे, कुंपणापाशी
काळं काहीतरी सरकताना त्याला दिसतं.
पापणी लवेपर्यंत.
मग ते भोकात शिरतं.

"कुठे थांबला?"

मी गुडघे टेकते. टेप ओढते.
"थांब की जरा," ओरडते,
"मोजतेय."