दीड तोळ्याला दोन गुंजा कमी

दुपारी तीनला गुजरीत गिऱ्हाईक नसतं.
तेव्हा आली बापट कॅम्पातली तानुबाई वडणगेकर,
कोपरापर्यंत वाळलेला शाडू,
आणि पदराची गाठ सोडून काउंटरवर ठेवलं
एक जाड, वाकडं, काळपट नाणं.
"चांदीच हाय न्हवं? तेवढं सांगा."

कसोटीकडं गेलेला हात थांबला.
काठावर आधीच एक घाव होता,
छिन्नीचा, खोल, मुद्दाम घातलेला.
भिंग लावलं. घावाच्या पोटातही चांदीच,
तांब्याची लाली कुठंच नाही.
माझ्याआधी कुणीतरी, कुठल्याशा बंदरावर,
असाच संशयानं वाकला होता.
माझं काम त्यानं दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीच उरकलेलं.

तरी रीत म्हणून सगळं केलं.
काठ फिरवला: साच्याची शिवण नाही.
ओतीव नकलेच्या तोंडावर असतात
तसले देवीचे व्रणही नाहीत.
वजन, दीड तोळ्याला दोन गुंजा कमी.
एका अंगाला शिरस्त्राण घातलेली बाई,
चेहरा बाजूनं, डोळा मात्र समोरून, बदामी,
निघून जाता जाता तिनं आपल्याला ओळखल्यासारखा.
दुसऱ्या अंगाला पक्षी.

"घुबड," मी म्हणालो.
"पिंगळा," ती म्हणाली. "घुबाड एवढंसं नसतंय."
तिचंच बरोबर होतं.

कडेला तीन अक्षरं.
मी पुस्तकातलं सांगू लागलो, अथेन्स, ग्रीक, गलबतं.
ती बोट ठेवत गेली:
"ही शिडी. खाली ही फणी.
आन् मधी आमचं चाक, खुंट्यासकट."

चांदीच्या भावानं होणारा आकडा सांगितला.
मग आवाज उतरवून दुसरा:
जाणकार किती देईल, घावापायी किती तुटेल,
मातीत सापडलं असेल तर सरकारात कळवावं लागतं, तेही.
दोन्ही आकडे तिनं ऐकले
भाजलेल्या मडक्यावर टिचकी मारून ऐकावं तसे.

"सासूला गावलेलं, नदीच्या मळीत.
तवापास्नं गणपतीच्या कमरपट्ट्यावर ह्योच शिक्का.
तुमच्या घरी बी आमचाच असतोय की."

असतो.
पट्ट्यावर रुपयाएवढी खळगी,
तीत डावीकडं तोंड केलेलं पाखरू, सोनेरी रंगवलेलं.
मी पोपट समजायचो.
एकवीस वर्षं निरांजन ओवाळलं त्याच्यासमोर
ह्याच डोळ्यांनी, ज्यांची मी फी घेतो.
आणि दर चतुर्दशीला पंचगंगेत
किती पिंगळे विरघळले, त्याचा कुठला भाव लावायचा?
पेन कागदावर टेकवून बसलो.

तिनं नाणं उचललं, पदरानं पुसलं.
"भादवा सरू दे, मग बघू.
अजून साठ मूर्त्या हाईत."

ती गेल्यावर पाहिलं, काटा शून्यावर आला नव्हता.
पारड्यात शाडूची चिमूट. गुंजभर.
वहीतला आकडा खोडून दुरुस्त केला:
दीड तोळ्याला तीन.