रजेचं कारण

रजेच्या वहीत मी लिहिलं: हर्निया.
मालकांनी विचारलं, कुठल्या बाजूचा?
डावीकडचा, म्हटलं.
वडगावात मागांच्या खडखडाटात
खोटं बोलायलाही ओरडावं लागतं, हे एक बरं;
चेहरा आपोआप प्रामाणिक दिसतो.

वर्षभर साखर अंगात मुरत होती.
कातडी आवळत गेली, चिरत गेली,
लघवीची धार सुतासारखी बारीक,
मग तुटक, कांडी संपत आल्यासारखी.
इंदूला वाटलं मी तिच्यावर रुसलोय.
मीही तसंच वाटू दिलं.

कळलं फक्त दस्तगीरला, शेजारच्या मागावरच्या.
मुतारीतली माझी दहा-दहा मिनिटं मोजत होता म्हणे.
हसला नाही. म्हणाला,
"माझं सातव्या वर्षीच उरकलंय, हुक्केरीला.
तोंडात खडीसाखर, मामूची मांडी,
वर बघ म्हणाले, सोन्याची चिमणी.
ती चिमणी मी अजून शोधलोय की."

सिव्हिलात फुकट, पण तारीख दिवाळीनंतरची.
खासगीत सतरा हजार,
मशीननं केलं तर अठ्ठावीस.
मी म्हटलं, हातमागाचंच द्या.
डॉक्टरांना विनोद कळला नाही,
आणि मलाही हसू टिकवता आलं नाही,
सतरा हजारांच्या साड्या मनात मोजून झाल्या होत्या.
आधी साखर उतरवा, म्हणाले, मग या.

संमतीचा कागद कन्नडात.
बोलतो मी, बाजारापुरतं, भांडणापुरतं;
वाचायला गेलं की अक्षरं जिलबीसारखी,
आणि मला तर गोड बंद.
दस्तगीरनं वाचून दाखवला, बाकावर, मोठ्यानं.
मागावरच्या माणसाला हळू बोलता येत नाही.
माझा हर्निया नेमका कुठं आहे
ते रांगेतल्या सगळ्यांना कळलं.

टेबलावर डॉक्टरांनी निळ्या पेनानं रेघ आखली.
आमच्या भागात रेघ म्हटली की माणसाला
नकाशा आठवायला हवा, मोर्चे आठवायला हवेत.
मला काहीच आठवलं नाही.
थंडी वाजत होती
आणि पायमोजे काढायचे राहून गेले होते.

मुळाशी दोन इंजेक्शनं. तेवढंच खरं दुखलं.
बैलहोंगलची नर्स विचारायची, "नोवु ऐतेनरी?"
मी म्हणायचो, "दुखत नाही, ओढल्यागत होतंय."
ती डॉक्टरांना काय सांगायची कोण जाणे,
पण हात हलका व्हायचा.
मग जळका वास, इस्त्रीखाली केस सापडावा तसा.
पाऊण तास. कातडी डबीत, तपासणीला.
त्याचे आठशे वेगळे.

तिसऱ्या दिवशी पट्टी सुटली.
बघितलं, डोळे मिटले, पुन्हा बघितलं:
सुजलेलं, वांग्याच्या रंगाचं, अनोळखी.
पण टाके, काय सांगू,
एकसारखे, ना सैल ना ताठ,
गाठ कशी मारायची ते त्या माणसाला ठाऊक होतं.
तीस वर्षं तुटके धागे जोडलेल्याची
ही दाद आहे, फुकटची नाही.

लुंगी, मलम, बुडाखाली दोन उशा.
पहाटे झोपेतच टाके ताणायचे;
मी उठून गार फरशीवर अनवाणी उभा
शंभरपासून उलटे आकडे म्हणायचो.
अंधारातून इंदू: "एकोणनव्वद खाल्लासा तुम्ही."
तिला तोवर सगळं सांगून झालं होतं.
ती आधी हसली, मग वर्षभराचं एकदम भांडली.

साखरेच्या माणसाचं उशिरा भरतं.
तीन आठवड्यांचे पाच झाले,
पाचांचाही पगार नाही.
सायकल दोन महिने भिंतीला टेकून.

कामावर परतलो त्या सकाळी मुतारीत
धार सरळ भिंतीवर पडली, आवाजासकट.
दस्तगीर बाहेरून म्हणाला, "मुबारक."

परवा चार नंबरच्या मागावरचा बाळाप्पा,
माझ्याहून थोराड, जवळ आला,
इकडंतिकडं बघून कानात ओरडला:
"तुझ्या त्या हर्नियाला किती लागले रे?"
एक पाय दुमडून, दात दाबून उभा होता.
मी वर्षभर उभा होतो तसा.

मी माग बंद केला.