गढीची मोजणी

वर्क ऑर्डरवर लिहिलंय: पडकी गढी, मालकी वादात,
मोजमाप नकाशे चार,
नंतरची बांधकामे वगळावीत.
पुण्याहून सकाळच्या एसटीनं शिरूर,
पुढं घोड नदीच्या काठाकाठानं
सहाआसनी रिक्षात, ट्रायपॉड मांडीवर.

किल्ली ग्रामपंचायतीच्या करुणा ओव्हाळ यांच्याकडे.
‘चारपर्यंत आहे मी. चारला व्हॉल्व्ह सोडायचा असतो.’
आणि फितीचं दुसरं टोक धरून
घाणेरीत शिरल्या, पदर खोचून.

उत्तर तट एक्क्याऐंशी फूट.
खाली काळा घडीव दगड, पुरुषभर,
वर भाजकी वीट. चुन्यात गूळ होता
याची मुंग्या अजून साक्ष देतात.
दोन बुरूज उभे, तिसऱ्याचा नुसता घेर,
चौथा शाळेच्या पायऱ्यांत गेला,
थोडा पुलात, थोडा कुणाकुणाच्या चुलीत.

दरवाजा नाही. चौकट नाही.
अडसराची खोबण आहे.
फीत वळेना, म्हणून हात घातला खांद्यापर्यंत.
गार. बोटांना पालीची अंडी लागली.
काठीनं मोजली: चार फूट दोन इंच.
एवढं लाकूड रोज रात्री भिंतीतून ओढायचं,
रोज सकाळी भिंतीत ढकलायचं.
या घरातली सगळ्यात खोल खोली
हीच असावी.

इनामदारांचे वंशज बाणेरला असतात.
फोनवर म्हणाले, पेंढाऱ्यांनी जाळली.
गावात म्हणतात, छे, समई कलंडली.
विटा बाहेरून पिवळट, आतून लाल,
माजघराच्या कोपऱ्यात काचेसारख्या वितळलेल्या.
आग आतून लागली, एवढं वीट सांगते.
कुणी लावली ते सांगत नाही,
आणि मी वीट मोजायला आलोय.

मग जंग्या.
एकोणीस. आतून रुंद, बाहेर वीतभर,
बंदुकीची नळी मावेल, आणि डोळा.
नदीला उतार आहे तिकडं फक्त चार.
मी कोन लावले. पुसून पुन्हा लावले.
पंधरा गावाकडे,
खाली झुकलेल्या, बाजाराच्या पारावर,
आणि शेवटच्या तीन
ओढ्यापलीकडच्या आळीवर.

मी काही बोललो नाही.
करुणाबाई फीत गुंडाळत होत्या.
‘त्या टोकाच्या भोकातून आमचं घर दिसतं,
निळा पत्रा. लहानपणी इथून
आईला हाका मारायचे मी.
तिला कळायचंच नाही कुठून येतोय आवाज.’

गावाची टाकी नैर्ऋत्येच्या बुरुजावर बसवलीय.
पाया खणावा लागला नाही, कंत्राटदार खूश.
पाइपही भिंत न फोडता
सतराव्या जंगीतून बाहेर काढलाय.
जंगी नेमकी तेवढीच होती.
चारला दोन मिनिटं कमी असताना
त्यांनी दोन्ही हातांनी चाक फिरवलं.
पाइप खोकला, हवा गेली, मग जड झाला.
ओढ्यापलीकडं हंड्यांचा आवाज.

पुण्यात, रात्री, काचेच्या टेबलावर
कागद ताणून बसलोय.
पडलं ते तुटक रेघेनं काढायचं:
चौथा बुरूज तुटक, दरवाजा तुटक,
अडसर तुटक, भिंतीच्या आत.
नंतरची बांधकामे वगळावीत.
पाइप मी सलग काढला,
जाड पेननं, जंगीतून आळीच्या दिशेला,
कागद संपेपर्यंत.

साहेब विचारतील.
व्यास चार इंच, मी सांगेन.