हिलमन

गावाचं नाव तेहतीस. नुसता आकडा.
पाटी वाचून परके हसतात,
आधीची बत्तीस कुठं गेली, विचारतात.
आम्ही सांगतो, शोधतोय.

शनिवारी शोधतो. सातजण,
काखेत थर्मास, हातात कडू माते,
टेम्पोत जॅक, दोरखंड, फळ्या
आणि एल्बिओ तेचेराची कुरकुर.
छत्तीस वर्षं बस हाकून निवृत्त झालेला हा माणूस
दुसऱ्याच्या शेजारी बसला की
हवेतला ब्रेक दाबत राहतो.

कुणी छदाम देत नाही.
नवरा म्हणतो, तुला गाडी चालवता येत नाही,
तू काय करतेस तिथं?
मी बॅटरी धरते.
उजेड योग्य जागी धरावा लागतो कुणीतरी.
औषधाच्या दुकानात डॉक्टरांचं अक्षर लावता लावता
एवढं मला कळलंय.

हिलमन सापडली निबियाबाईंच्या कोंबड्यांत.
एक्कावन्न सालची. मूळ रंग कुठला,
यावर पुढं तीन आठवडे भांडणं झाली.
उजव्या दिव्याच्या खोबणीत
ओर्नेरो पक्ष्यानं लिंपलेलं मातीचं घर,
मागच्या सीटवर खुडूक कोंबडी.
न्या, बाई म्हणाल्या,
पण ती उठल्यावर.
अंड्यांचा हिशेब एकवीस दिवसांचा. थांबलो.
यामांदू तेवढा पहाटे पहाटे जाऊन
बिजागऱ्यांना तेल सोडून यायचा,
कोंबडीशी हळू आवाजात बोलत.

बाविसाव्या दिवशी बॉनेट उघडलं.
आत काही नव्हतं.
चार बोल्टांची भोकं, लोंबती वायर,
आणि खाली थेट गवत.

इंजिन होय, बाई म्हणाल्या,
ते कामाला गेलंय.

कामाला म्हणजे ओलिमारच्या काठी,
गुमर्सिंदोच्या भातावर.
बाईंचा नवरा गेला त्या वर्षी उसनं नेलेलं,
एकोणीस वर्षं पाणी उपसतंय.
पत्र्याच्या छपराखाली, मातीच्या ओट्यावर,
पट्ट्यानं पंपाला जुंपलेलं,
तेलानं माखलेलं,
धडधडत होतं.
एल्बिओनं टोपी काढली.
वॉशिंग्टन मास्तर (इकडं मुलांना अशीच नावं ठेवतात)
कान लावून म्हणाले,
तिसरा सिलिंडर दम खातोय.
भात कापेपर्यंत तर नाही, गुमर्सिंदो म्हणाला,
आणि खरं सांगू का, त्यानंतरही नाही.

समोर पोटरीला आलेलं शेत.
सोडवायला आलो होतो आम्ही,
गंजातून, उकिरड्यातून, विसरण्यातून.
इथं सोडवण्यासारखं काही नव्हतं.
कुणी काही बोलेना. मग यामांदूनं
मिनिटभर ते बंद करायला लावलं
आणि ढिला पट्टा ताणून दिला.

गावच्या उत्सवात सत्तावीस गाड्या आल्या,
आपापल्या पायांवर. अठ्ठाविसावी आमची.
रंगाचं भांडण न मिटल्यानं अर्धी हिरवी, अर्धी करडी,
उजव्या दिव्यात अजून घरटं.
निबियाबाई चाकावर, पांढरे हातमोजे घालून.
मागून ढकलणारे आम्ही सात,
मग सोळा, मग ज्यांची नावं ठाऊक नाहीत असे,
एक पोलीससुद्धा.
चौकाच्या वळणावर बाईंनी कळ दाबली
आणि दाराच्या खांबातून
केशरी बाण बाहेर आला, बोटाएवढा, आतून उजळलेला.
त्या बाणावर मी चार शनिवार बॅटरी धरली होती.
लोक टाळ्या वाजवायचे विसरले.
एल्बिओ तेवढा ओरडला,
बाई, उजवीकडे! उजवीकडे वळायचंय!
बाण डावीकडचा होता.

आज वारा नदीकडून आहे.
खिडकी उघडी ठेवली की ऐकू येतं, फार बारीक.
एक, दोन,
तिसरा दम खातो,
चार.
नवरा विचारतो, काय मोजतेयस?
शनिवारी नवा प्लग घेऊन जायचंय.