कलम आठ

आमच्या बिल्डिंगीत पाणी दोन ठिकाणचं,
एक महापालिकेचं, एक बोअरचं.
दूधवाले तीन. पेपरवाले दोन,
त्यांचं एकमेकांत पटत नाही.
इंटरनेट मात्र एकाचंच, झुंजार ब्रॉडबँड.
बिल्डरनं ताबा द्यायच्या आधीच लिहून दिलेलं,
करारनाम्यात एकोणिसावं पान, कलम आठ, पंधरा वर्षं.
ते पान मी वाचलं नव्हतं.
फुलेवाडीत दोन खोल्या मिळतायत म्हटल्यावर
आम्ही फरशीचा रंग बघत होतो.

मालक जयदीप इंगवले.
फोन केला की म्हणतो, "काकू, वरनंच लोड आहे."
वरनं म्हणजे कुठनं, हे पाच वर्षांत कळलेलं नाही.
"बंद करून चालू करा."
करते. दहा आकडे मोजते.
हिरवा दिवा लागतो, माझ्याकडं बघतो
आणि तांबडा होतो.

बाकीच्यांचं चित्र अडकतं, आवाज येत राहतो,
त्यांचं तेवढ्यावर भागतं.
वरच्या हुक्केऱ्यांनी आख्खी मॅच कानांनी बघितली.
आमचं उलटं.
माझ्या सन्मतीला जन्मापासून ऐकू येत नाही.
कोइमतूरला पंपांच्या कारखान्यात ड्रॉइंग काढतो,
रात्री नऊला खोलीवर येतो,
मग आम्ही हातांनी बोलतो.
"दिवस मावळायच्या आत जेवलास?"
"जेवलो," म्हणतो हात,
आणि मागं गॅसवर कुकर दिसत असतो.

गेल्या महिन्यात त्याचा हात छातीपाशी येऊन थांबला.
पंजा उघडा, बोटं जराशी वाकलेली.
बरं आहे म्हणत होता की बरं नाही?
आमच्या घरच्या खुणांत दोन्ही तिथनंच निघतात,
एक वर जाते, एक खाली.
सोळा मिनिटं मी त्या हातासमोर बसून होते.

मीटिंगमध्ये उठून बोलले.
सेक्रेटरी म्हणाले, विषय करारात बसत नाही.
मागनं कोणीतरी, "मग साध्या फोनवर बोला की पोराशी."
त्याला शेजारच्यानं कोपर मारलं.
मग वडे आले.

भिंतीबाहेर, खांबावर, दुसऱ्या कंपनीची पांढरी पेटी आहे,
आमच्या लिंबाच्या फांदीपासून चार हात.
तिची वायर चाळीत जाते, गिरणीत जाते,
आमच्या गेटातनं आत आली की रात्रीत तुटते.
एकदा सकाळी तुटलेलं टोक उचलून बघितलं,
आत केसाएवढी काच होती.
एवढ्याशा काचेतनं माणूस येतो म्हणे, हातापायांसकट.

गिरणीवाल्या शौकतभाईंनी दळणाच्या चिठ्ठीवर
पासवर्ड लिहून दिला.
जोंधळा, आणि पुढं चार आकडे.
"डब्याबरोबर न्या," म्हणाले, "पैसे पिठाचेच."

तेव्हापासून नऊ वाजता प्लॅस्टिकचं स्टूल घेऊन
मी भिंतीशी, सात नंबरच्या पार्किंगमध्ये.
तिथं अंधार. अंधारात मी मुकी.
वॉचमन कृष्णात, भुदरगडचा, काही न विचारता
माझ्या हातांवर बॅटरी धरून उभा राहिला.
पहिल्याच रात्री सन्मतीला विचारलं,
तेव्हा काय सांगत होतास, वर की खाली?
त्याला आठवत नव्हतं.

पंधरा दिवसांत कृष्णात जेवण शिकला, झोप शिकला,
बस, पगार, आणि एक शिवी,
जी मी शिकवलेली नाही.

काल जयदीप स्वतः आला, वसुलीला.
"काकू, डासांत का बसलाय?"
माझे हात कामात होते, मी हातांनीच उत्तर दिलं.
कृष्णातनं त्याचं मराठी करून सांगितलं.
मी म्हटलं होतं त्यापेक्षा ते बरंच लांबलं,
त्यात जयदीपच्या वायरीचा, वरच्या लोडचा
आणि वायरीनं काय बांधावं याचा उल्लेख होता.
भाषांतर चुकलं असं मी म्हणणार नाही.

बिल भरलं. कलम आठ.
पावती देताना जयदीप फोनकडं बघत होता.
फोनमध्ये सन्मती हसत होता,
खांदे हलवून, डोळे मिटून, मागं कुकरची वाफ,
सलग.